वजन कमी करायचंय? मग ताटाच्या आधी भुकेकडे बघा

माझं वजन तीनदा कमी झालंय आणि त्यातलं दोनदा परत आलंय, दुसऱ्या वेळी तर व्याजासकट. पहिल्या दोन्ही वेळी पद्धत एकच होती, बंद करायचं. गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण बंद. आणि दोन्ही वेळी शेवटही एकसारखाच झाला. रात्री साडेअकराला घरात सगळे झोपलेले, मी फ्रिजचं दार अर्धवट उघडं धरून उभी, उजेड बाहेर पडू नये म्हणून, आणि डब्यातलं थंडगार उरलेलं जेवण चमच्याने तसंच उभ्या उभ्या खातेय. चवही कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी परत नाश्ता बंद.

तेव्हा मला वाटायचं की माझ्यातच मनोबल नाही. नंतर एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि मनावरचं मोठं ओझं उतरलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी, आणि वर भरपूर चालायला लावलं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं, पण त्यासोबत ते चिडचिडे झाले, थंडी वाजायला लागली, दिवसरात्र फक्त खाण्याचेच विचार, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. हे निवडून घेतलेले, निरोगी, मनाने खंबीर लोक होते. आणि आज नेटवर सर्रास फिरणारे १२०० कॅलरीचे डाएट प्लॅन त्याच्यापेक्षाही कमी खायला सांगतात!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भुकेशी भांडून वजन उतरवता येईल पण टिकवता येणार नाही, त्याऐवजी झोप, जेवण, चालणं, ताण हे सगळं असं लावून घ्यायचं की भूकच ठिकाणावर येईल. खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसाच दिलाय, खाणं कमी करणं त्यात बरंच उशिरा येतं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एकदा भेटा

हे टाळू नका. थायरॉईड कमी काम करत असेल, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड) असेल, किंवा स्टिरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं चालू असतील तर वजन वाढायचं कारण ताटात नसून दुसरीकडे असू शकतं. पण म्हणून औषध मनानेच बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं की याला पर्याय आहे का. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर खाणं बदलल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे डोस बदलावा लागेल का हे आधीच बोलून घ्या. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय १८ च्या आत असेल, किंवा पूर्वी कधी खाण्याचा मानसिक आजार झाला असेल तर हा लेख वाचून स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका. आणि काहीही न करता वजन आपोआप भराभर उतरत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करा.

पायरी १ : मोजमाप, पण दोन तऱ्हेने

बीएमआय सगळ्यांना माहीत असतो, किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १८.५ ते २४.९ म्हणजे ठीक, २५ च्या पुढे जास्त, ३० च्या पुढे लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांना कमी बीएमआयलाच डायबेटिस आणि हृदयाचा धोका सुरू होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यासाठी २३ पासूनच सावध व्हायला सांगितलंय. पण बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, आणि चरबी कुठे साठलीय हे तर अजिबातच कळत नाही.

म्हणून साधी टेप घ्या. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, याच्या बरोबर मध्ये, उघड्या पोटावर, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर मोजायचं, पोट आत ओढून नाही. हा आकडा तुमच्या उंचीच्या अर्ध्यापेक्षा कमी हवा. उंची १६० सेंटीमीटर असेल तर कंबर ८० च्या आत. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी सगळ्यात त्रासदायक, आणि ती कमी व्हायला लागली की काट्याच्या आधी टेपला कळतं. तिसऱ्या वेळी दीड महिना माझा काटा जागचा हलला नव्हता पण पट्ट्याचं बक्कल एक भोक आत सरकलं होतं, ते जुनं ताणलेलं भोक आणि त्याच्या शेजारचं नवं कोरं भोक बघून मी टिकले.

काट्यावर उभं राहायचं तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या प्यायच्या आधी. रोज बघा किंवा आठवड्यातून दोनदा, पण एका दिवसाच्या आकड्यावरून कुठलाही निर्णय नको, आठवड्याची सरासरी काढा. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, व्यायामाने अंग दुखतंय, एवढ्यानेही किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं आणि ते सगळं पाणी असतं. नवीन डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे ३ किलो झरझर उतरतात तेही बहुतेक पाणीच, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, साखर वापरली गेली की ते पाणी निघून जातं.

टार्गेट किती ठेवायचं? सहा महिन्यांत सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, बस. ८० किलो असाल तर ४ ते ८ किलो. ऐकायला कमी वाटतं पण अमेरिकेतल्या डायबेटिस प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात टाईप २ डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, मग महिन्यात १० किलो उतरवतो म्हणणाऱ्यांचं गणित तुम्हीच करून बघा. फार वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि स्नायूही झिजतात.

पायरी २ : दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, मला मात्र सगळ्यात जास्त यातूनच कळलं. एक छोटी वही घ्या. जे खाल ते, किती वाजता, आणि खाण्याआधी भूक किती होती, १ ते १० मध्ये. १ म्हणजे पोट तुडुंब, १० म्हणजे हात थरथरतायत. कॅलरी मोजू नका. शेजारी एका शब्दात मूड लिहा, कंटाळा, राग, दमलेय, काय असेल ते.

दोन आठवड्यांनी पानं उलटून बघितली तर नक्षी दिसायला लागते. माझ्या वहीत संध्याकाळी सहाच्या समोर रोज भूक ८ किंवा ९ होती आणि दुपारच्या जेवणापुढे रोज काहीतरी घाईघाईतलं, दोन-चार घासांचं. म्हणजे रात्रीच्या फ्रिजचा प्रॉब्लेम रात्री नव्हताच, तो दुपारी एक वाजता सुरू होत होता. तुमचं वेगळं निघेल.

पायरी ३ : आधी झोप सुधारा

डाएटच्या आधी झोप का, असं विचाराल. भुकेचे दोन मुख्य हार्मोन आहेत, लेप्टिन जे पोट भरल्याचं आणि साठा पुरेसा असल्याचं मेंदूला सांगतं, आणि घ्रेलिन जे भूक लावतं. २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला होता, दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि भूक वाढली ती विशेषतः गोड, पिष्टमय, खारट गोष्टींचीच. २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात लोकांना सारखंच कमी खायला दिलं पण एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायला मिळेल असं ठेवलं. वजन दोन्ही वेळी जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली, त्याऐवजी स्नायू गेले. अभ्यास छोटे आहेत हे खरं, पण अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी समोर येईल ते खावंसं वाटतं हा अनुभव कुणाला नाही?

तर ७ ते ८ तास हवेतच. उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, झोपायची वेळ आपोआप मागे येते. उठल्यावर थोडा वेळ उजेडात जा. चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच ५-६ तास लागतात. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. फोन खोलीच्या बाहेर चार्जिंगला लावा, हे मला सगळ्यात अवघड गेलं आणि याचाच सगळ्यात जास्त फायदा झाला. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसभर पेंग येत असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या, तो वाढलेल्या वजनाबरोबर खूपदा असतो.

पायरी ४ : ताटात आधी वाढवा, मग कमी करा

इथे बहुतेक लोक उलटं करतात. काय काढू, हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रोटीन, पाव ताट धान्य, आणि ताटात पहिला घास भाजीचा किंवा प्रोटीनचा.

प्रोटीनवर जोर देण्याचं कारण असं की एकतर ते पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतं, दुसरं म्हणजे ते पचवायलाच शरीर त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च करतं, फॅटच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ० ते ३ टक्के असतो, आणि तिसरं, वजन उतरताना स्नायू वाचतात. वजन कमी करताना दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन असा अंदाज धरा. डाळी, कडधान्यं, अंडी, दही, पनीर, मासे, चिकन, सोयाबीन, जे तुमच्याकडे खाल्लं जातं ते. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

फायबर दिवसाला २५-३० ग्रॅमपर्यंत न्यायचं, पण हळूहळू आणि सोबत पाणी वाढवत, नाहीतर आठवडाभर पोट फुगेल आणि तुम्ही डाळींना दोष देऊन मोकळे व्हाल.

आता कॅलरी न मोजता त्या कमी कशा होतात ते बघा. मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि तेवढ्याच कॅलरीची काकडी घ्यायची तर पाऊण किलोच्या वर होईल. पोटाला वजन आणि आकार कळतो, कॅलरी कळत नाहीत. म्हणून पाणी आणि फायबर जास्त असलेलं जेवण पोट भरतं आणि ऊर्जा कमी देतं. तेल विषारी आहे असं अजिबात नाही, फक्त बाटलीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजून घाला, एवढ्या एका सवयीने खूप फरक पडतो.

एक महिना झाला की मग दोनच गोष्टी कमी करा. पहिली, प्यायची साखर. कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा छोटे चमचे, असली तर उत्तम. पातळ साखरेने पोट भरत नाही हाच खरा घोळ आहे. एक ग्लास ज्यूसला तीन-चार संत्री लागतात, तो दोन मिनिटांत संपतो, तेवढी संत्री सोलून खायला बसा बघू. साखरेऐवजी गोळ्या-स्वीटनर घालण्याचाही वजनासाठी दीर्घकाळ उपयोग दिसत नाही, २०२३ मध्ये याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला ते वापरू नका असं सांगितलंय.

दुसरी, पाकिटातलं अति प्रक्रिया केलेलं खाणं. याबद्दल २०१९ चा केव्हिन हॉल यांचा अमेरिकेतला प्रयोग मला फार पटतो. २० लोकांना दवाखान्यातच ठेवलं, दोन आठवडे पाकिटबंद प्रकारचं आणि दोन आठवडे साधं घरगुती धाटणीचं जेवण, दोन्हीकडे वाढलेल्या जेवणात साखर, फॅट, फायबर, मीठ जुळवून ठेवलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटवाल्या जेवणात लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले, आणि जवळपास १ किलो वाढले, साध्या जेवणात जवळपास तेवढेच उतरले. कुणाचंच मनोबल बदललं नव्हतं, समोरचं अन्न बदललं होतं.

उपवासाच्या ठराविक तासांच्या पद्धतीबद्दल खूप जण विचारतात. जमत असेल तर करा, खाण्याची वेळ कमी झाली की खाणं थोडं कमी होतं, त्यात याहून वेगळी जादू नाही. पण त्यामुळे रात्री आठला तुम्ही तुटून पडत असाल तर ती पद्धत तुमच्यासाठी नाही.

आणि सावकाश खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा, एवढंच करून बघा.

पायरी ५ : जिमच्या आधी दिवसभराची हालचाल

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या जेम्स लेविन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांनी सारखंच जास्त खाल्लं, पण कुणाची चरबी फक्त ०.३६ किलो वाढली तर कुणाची ४.२३ किलो. फरक कशाने पडला, तर मुख्यतः व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालीने, म्हणजे उठबस, उभं राहणं, येरझाऱ्या, चुळबुळ. त्यामुळे सकाळी एक तास जिम आणि उरलेले दहा तास खुर्चीत, यापेक्षा दर तासाला उठणं, फोनवर बोलताना चालणं, जिना, घरकाम हे सगळं धरून चला.

१०,००० पावलांच्या आकड्याचं दडपण घेऊ नका, तो १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. सध्या ३००० चालत असाल तर पुढच्या दोन आठवड्यांत ४००० करा, मग ५०००. जेवणानंतर १० मिनिटं चालणं तर सगळ्यांनीच करावं, रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

महिन्याभराने ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात लावून पुशअप १०, पाठीवर झोपून कंबर उचलणं १०, पाण्याची भरलेली बाटली घेऊन हात वर, असे दोन राऊंड. सोपं वाटलं की वाढवा. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, शरीर कुठून काढायची ते स्वतः ठरवतं.

पायरी ६ : ताण, आणि तो संध्याकाळचा अर्धा तास

वहीत राग, कंटाळा, एकटेपणा यांच्या शेजारी भूक ३ लिहिलेली असेल तर ते खाणं पोटासाठी नव्हतं. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका, खाल्ल्याने खरंच क्षणभर बरं वाटतं म्हणून तर आपण खातो. पण तिथे दुसरं काहीतरी ठेवून बघा. मी १० मिनिटांचा नियम ठेवलाय, खायचं असेल तर खायचं, पण १० मिनिटांनी, आणि बसून, ताटलीत घेऊन. तेवढ्यात गच्चीत एक फेरी, कुणाला तरी फोन, किंवा हळू श्वास, ४ आकडे आत आणि ६ आकडे बाहेर. निम्म्या वेळा ती लाट ओसरते आणि उरलेल्या वेळी मी खाते, मनात काही न ठेवता. दर काही दिवसांनी थांबताच येत नाही इतकं खाणं होत असेल, लपून खाल्लं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, तो आजार आहे आणि त्यावर उपचार होतात.

'नैसर्गिक' गोळ्या आणि चूर्णांबद्दल

याबद्दल मला खरंच राग येतो. नैसर्गिक लिहिलं म्हणजे सुरक्षित असं होत नाही. एफेड्रा ही वनस्पतीच, पण हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांमुळे अमेरिकेत २००४ मध्ये तिच्या सप्लिमेंटवर बंदी आली. ग्रीन टीचा साधा कप ठीक आहे, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी आणि गार्सिनिया या कोकमासारख्या फळाच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. आणि हर्बल म्हणून विकलेल्या कित्येक पुड्यांमध्ये सिब्युट्रामिन गुपचूप मिसळलेलं सापडलंय, जे औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढून घेतलं होतं.

गरम पाण्यात लिंबू आणि मध? आवडत असेल तर घ्या, पण त्याने चरबी वितळत नाही, आणि मोठ्या चमचाभर मधाच्या ६० कॅलरी असतात त्या धरा. चरबी घामातूनही जात नाही. १० किलो चरबी शरीराने जाळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं, त्यामुळे घाम काढणारे पट्टे बांधून फक्त पाणी जातं आणि दोन ग्लास प्यायलात की परत येतं.

काटा अडकला की

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडकतोच. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला ऊर्जाही कमी लागते, शिवाय ते थोडी जास्तच काटकसर करायला लागतं. वय झालं म्हणून मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग, गेला असं लगेच म्हणू नका, २०२१ मध्ये ६,४०० हून जास्त लोकांच्या मोजमापातून दिसलं की शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर २० ते ६० वयात तो जवळपास स्थिर असतो. अडकल्यावर सगळ्यात आधी वही परत काढा, तेलाचा चमचा बहुतेक तेव्हाच परत बाटलीची धार झालेला असतो. झोप बघा. टेप लावा. तीन आठवडे कंबरही हलली नाही तरच धान्याचा वाटा थोडा कमी किंवा चालणं १५ मिनिटं जास्त, दोन्ही एकदम नको. दमला असाल तर दोन-तीन आठवडे वजन फक्त आहे तिथे ठेवायचं, उतरवायचं नाही, हासुद्धा एक टप्पाच आहे.

टिकवण्यासाठी एक आकडा आधीच ठरवून ठेवा. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलंय, त्यांच्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात आणि बहुतेक जण रोज तासभर हालचाल करतात. माझा आकडा म्हणजे सरासरीच्या वर २ किलो, सलग दोन आठवडे. तिथे पोचलं की मी काहीही बंद करत नाही, वही काढते आणि दुपारच्या जेवणापासून लिहायला सुरुवात करते. गेल्या वर्षभरात दोनदा काढावी लागली, दोन्ही वेळा सहाच्या समोर परत ८ दिसलं, दुपारचा डबा नीट भरून न्यायला लागले आणि महिन्याभरात सरासरी जागेवर आली.